आवाजाचा घसारा

पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात सकाळचा चहा वाटून झाला होता. खिडकीजवळच्या खाटेवर हर्नियाचं ऑपरेशन झालेला एक पेशंट कण्हला, तशी त्याच्या उशीतून बाईचा आवाज आला, "मी इथंच आहे हं, काका. श्वास सावकाश सोडा. हं... असा."

पेशंटचा मुलगा आदल्या दिवशीच कवठेमहांकाळहून आला होता. त्याने आधी उशीकडे पाहिलं, मग वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला. तिथे सिस्टर सलोमी आढाव एका म्हाताऱ्याच्या हातातली सलाईनची सुई बदलत होती. तिचं तोंड मिटलेलं होतं.

"ओ सिस्टर," तो तिथूनच ओरडला, "तुम्ही तिकडं आन् तुमचा आवाज इकडं कसा?"

"तो माझा नाही," सलोमी वर न बघता म्हणाली. "कंपनीचा आहे."

आसपासचे दोघे-तिघे हसले. मुलगा हसला नाही. त्याचे वडील मात्र डोळे मिटून शांत पडले होते, आणि खाटेच्या वर छताला लावलेली बशीएवढी पांढरी चकती हिरवी झाली होती.

सप्तक आरोग्यसमूहाच्या मिरजेतल्या या रुग्णालयात शिरणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी जाणवायची ती शांतता. पूर्वी वॉर्डात सतत कुठली तरी बेल वाजत असे. कुणाला पाणी हवं असे, कुणाला बेडपॅन, कुणाला नुसतंच कुणीतरी यायला हवं असे. आता बेल वाजत नव्हती. पाहुणे म्हणत, किती छान ठेवलंय. त्यांच्या हे लक्षात येत नसे की शांततेसोबत नर्सेसही कमी झाल्या होत्या, आणि शांतता नसती तर त्या कमी करता आल्या नसत्या.

छतावरच्या त्या चकतीला धीरमापक म्हणत. ती अतिशय क्षीण रेडिओलहरी खाली सोडायची आणि परत आलेल्या लहरींवरून पेशंटच्या छातीची हालचाल, कातडीवरचा ओलावा, कपाळाच्या आणि जबड्याच्या स्नायूंचा ताण वाचायची. या सगळ्याचा मिळून एक आकडा निघे, धीरांक. शून्य म्हणजे भीतीने गोठलेला माणूस, शंभर म्हणजे आईच्या मांडीवर झोपलेलं बाळ. रुग्णालयाच्या मेट्रन डॉ. कुंदा मगदूम यांनी नर्सिंगमध्ये येण्याआधी शरीरक्रियाशास्त्रात एम.एस्सी. केलेलं होतं. चकत्या लावण्यापूर्वी त्यांनी धीरांकाची तुलना पेशंटच्या रक्तातल्या ताणाच्या संप्रेरकांशी स्वतः करून पाहिली होती. उपकरण खरं बोलत होतं. कुंदाबाईंनी तशी सही दिली. त्याला कोण काय विचारणार आहे, हे त्यांनी तेव्हा विचारलं नाही.

विचारणारे होते मनुष्यबळ संचालक निखिलेश दप्तरदार. रुग्णालयात येण्यापूर्वी त्यांनी एका विमानतळावरच्या सामानाच्या ट्रॉल्यांचं नियोजन केलं होतं, आणि त्याआधी एका हॉटेलसाखळीतल्या चादरींचं. माणसांकडे येणं ही त्यांच्या दृष्टीने बढती होती; विषय तोच होता. त्यांच्या खोलीच्या भिंतीवर एका नर्सचा हसरा फोटो होता. ती मुंबईची मॉडेल होती, आणि तिने स्टेथोस्कोप उलटा घातला होता. इतक्या वर्षांत ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

खाटेजवळ कुठली नर्स आली तेही चकती नोंदवायची. दप्तरदारांनी पाहिलं की काही नर्सेस जवळ गेल्या की धीरांक वर जातो, काही गेल्या तर जात नाही. त्यांनी प्रत्येकीच्या नावापुढे ती मिनिटाला किती धीर देते ते लिहवून घेतलं. सलोमी सगळ्यात वर निघाली. ती नगरची, आवाज जरा जाडसर, बोलणं संथ. ती काय वेगळं करते हे तिलाही सांगता आलं नसतं. दप्तरदारांनी तिची बाकीची कामं काढून तिला खाटेखाटेवरून फिरवलं. पण एक बाई एका वेळी एकाच खाटेपाशी उभी राहू शकते, ही गोष्ट त्यांना फार खटकली. तेव्हा एका करारावर सही घेऊन तिचा आवाज उशीत घालण्यात आला. पेशंटचा श्वास ज्या लयीत चाललेला असेल त्याहून किंचित संथ लयीत उशी बोले. माणसाचा श्वास नकळत आवाजाच्या मागे जातो, आणि श्वासाच्या मागे बाकीचं शरीर.

पेशंटने बेलचं बटण दाबलं की आधी उशी बोलायची. दोन मिनिटांत धीरांक वर गेला तर बेल नर्सच्या टेबलापर्यंत पोचायचीच नाही. संगणक तिची नोंद 'यशस्वीरीत्या निवारण' अशी करायचा.

त्याच सुमारास ओव्हर बंद झाली. ड्यूटी संपवणारी आणि ड्यूटीवर येणारी, अशा दोघी सिस्टर मिळून प्रत्येक खाटेपाशी उभ्या राहतात आणि पहिली दुसरीला पेशंट सोपवते, त्याला नर्सेस ओव्हर देणं म्हणतात. औषधं, जखमेला लावलेला ड्रेन, लघवी हे तर त्यात येतंच. पण शिवाय, "यांना बायको आल्याशिवाय जेवण जात नाही", "हे दुखलं तरी सांगत नाहीत, चेहरा बघ", "हे सकाळपासून घाबरलेत, कारण सापडत नाही, तू लक्ष ठेव." दप्तरदारांच्या मते एकाच जागी एकाच वेळी दोन नर्सेस म्हणजे निव्वळ दुप्पट खर्च होता. औषधं, ड्रेन आणि लघवीसाठी त्यांनी संगणकात रकाने करून दिले. बाकीच्या वाक्यांसाठी रकाना नव्हता, कारण ती वाक्यं असतात हे त्यांना माहीत नव्हतं.

मल्लाप्पा तेरदाळे शिरोळकडचे गुळाचे व्यापारी. घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुमारास त्यांनी बेल दाबली. मग पुन्हा दाबली. एकूण चार वेळा दाबली. त्या वेळी सलोमी खालच्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात होती. तेरदाळ्यांच्या उशीत मात्र ती होती. "मी इथंच आहे हं, काका." चारही वेळा त्यांचा धीरांक सुरेख वर गेला. पायातल्या शिरेत जमलेली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात जाऊन बसली आणि ते गेले तेव्हाही त्यांच्या डोक्यावरची चकती हिरवीच होती.

दोन दिवसांनी त्यांची मुलगी सामान न्यायला आली. सलोमीला पाहून तिने दोन्ही हातांनी तिचा हात धरला.

"सिस्टर, तुमचे फार उपकार झाले हो. शेजारच्या खाटेवरचे मामा सांगत होते, तुम्ही शेवटपर्यंत अप्पांशी बोलत होता म्हणून. मी नव्हते, पण तुम्ही होता."

सलोमीने तिला खरं सांगितलं नाही. ती तशीच कुंदाबाईंच्या खोलीत आली आणि उभीच राहिली.

"मॅडम, मला माझा आवाज परत पाहिजे."

मृत्यूच्या आढाव्याची बैठक त्याच आठवड्यात झाली. दप्तरदारांनी पडद्यावर आलेख लावला होता.

"आपण हे पॉझिटिव्हली बघू या," ते म्हणाले. "चार बेल, चारही यशस्वीरीत्या निवारल्या. पेशंट एंड-टू-एंड समाधानी होता. कुटुंबाची तक्रार नाही, उलट आभाराचा मेल आहे. मला वाटतं ही केस आपण वार्षिक अहवालात घेऊ शकतो."

"दप्तरदार," कुंदाबाई म्हणाल्या, "फुप्फुसात गाठ जाते, हृदयाला रक्त कमी पडतं, चुकीचं रक्त चढतं, तेव्हा पुष्कळ पेशंट एकच वाक्य बोलतात. जीव घाबरा होतोय, आता मी वाचत नाही. नाडी, रक्तदाब सगळं मर्यादेत असतानाही बोलतात. ते आमच्या पुस्तकात लक्षण म्हणून शिकवतात. ताप जसं लक्षण, तसं. तुम्ही थर्मामीटर फोडून ताप घालवलाय."

"म्हणजे तुमचं म्हणणं, पेशंटला घाबरू द्यायचं?"

"हो."

दप्तरदारांनी भोवतालच्या मंडळींकडे पाहून स्मित केलं. मंडळींनीही केलं. त्यांत दोन डॉक्टर होते. त्यांना कुंदाबाई काय म्हणतायत ते नीट कळलं होतं आणि त्यांचे करार मार्चमध्ये संपणार होते.

"मॅडम, भीती हे काही आपलं प्रॉडक्ट नाही," दप्तरदार म्हणाले. "तुमच्या वॉर्डात आज दोन नर्सेस पाच जणींचं काम करतायत ते कशाच्या जिवावर?"

"उशीच्या."

"एक्झॅक्टली! आणि दिवाळीनंतर समूहाच्या सातही रुग्णालयांत हाच आवाज जाणार आहे. पुढच्या टप्प्यात स्पर्शपट्टी येतेय, हाताएवढी ऊब देणारी. खाटेच्या कठड्यालाच लावायची. मग तर प्रश्नच मिटला."

"सिस्टर आढावना त्यांचा आवाज परत हवाय."

आता मात्र दप्तरदारांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "कुठून? तो त्यांच्या घशात आहेच की! आम्ही फक्त कॉपी वापरतोय. करारात स्पष्ट आहे, आवाज उपयुक्त आहे तोवर तो संस्थेची मालमत्ता. एवढी कृतज्ञता नसावी का माणसाला? तिला आम्ही सात ठिकाणी नेतोय. ती एकटी कुठवर पोचली असती?"

संध्याकाळी कुंदाबाई आणि सलोमी कॅन्टीनच्या मागच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. समोर रुग्णवाहिका धुतली जात होती.

"'उपयुक्त आहे तोवर' असं म्हणाले का?" सलोमीने विचारलं.

"तसंच आहे करारात."

"मग निरुपयोगी कसा करायचा? ओरडून घसा बसवू का?"

"त्यांच्याकडे रेकॉर्डिंग आहे. तुझा घसा बसून काय उपयोग?" कुंदाबाई म्हणाल्या. "पण उशीतल्या आवाजात स्वतःचं असं काही नाही, सलोमी. मी तपासलंय. ज्या पेशंटला तू कधी भेटलीच नाहीस, त्याच्यावर तो निम्माही चालत नाही. दाखल झाल्यावर पहिल्या दिवशी तू येतेस, सुई टोचताना बोलतेस, पाणी देतेस. पेशंटचं शरीर तेव्हा शिकतं की हा आवाज म्हणजे कुणीतरी आलं. उशी पुढचे चार दिवस त्यावर जगते. घंटा आणि कुत्र्याचा प्रयोग शिकलीस ना? घंटेनंतर अन्न आलंच नाही तर कुत्र्याची लाळ थांबते. आणि घंटेनंतर धोका आला, तर तेच कुत्रं कान टवकारतं."

सलोमीला समजायला वेळ लागला नाही. "म्हणजे मी पहिल्या दिवशीच खरं सांगायचं. ह्याच आवाजात."

"हो. पण नीट ऐक. शरीर उशी आणि तू असा फरक करणार नाही. आवाज बिघडला की तुझ्यासाठीही बिघडेल. तू खाटेपाशी उभी राहून बोललीस तरी पेशंट दचकेल. आणि एकदा गेलेलं पुन्हा येईल की नाही, ते मला सांगता येणार नाही. कुणी करून पाहिलेलं नाही."

सलोमी पायरीवरून उठली.

"तेरदाळ्यांच्या मुलीने माझे आभार मानले, मॅडम," ती म्हणाली. "उद्यापासून सुरू करते."

दुसऱ्या दिवसापासून दाखल होणाऱ्या प्रत्येक पेशंटला सलोमी एकच गोष्ट सांगू लागली. तोच जाडसर, संथ आवाज. "मी सलोमी. हा आवाज ओळखून ठेवा. उशीतून हाच येईल, पण तिथं मी नसेन. हा आवाज आला म्हणजे समजा, तुमच्याकडे कुणी येत नाहीये. जीव घाबरा झाला तर शांत राहू नका. ओरडा. उशी फेकून द्या." हे ती सुई टोचण्याच्या आधी सांगे, ड्रेसिंग ओढण्याच्या आधी सांगे, आणि नुसतं जाता जाताही सांगे. ड्यूटीवर येणाऱ्या सिस्टरला ती जिन्यात गाठायची आणि प्रत्येक पेशंटचं नाव घेऊन कोण घाबरलाय, कोण उगाच हसतोय, ते सांगून मगच घरी जायची. जिन्यात चकत्या नव्हत्या. आठवड्याभरात जिन्यात चार-चार नर्सेस उभ्या राहून बोलू लागल्या. ओव्हर पुन्हा सुरू झाली होती, फक्त पायऱ्यांवर.

आधी काही घडलं नाही. मग उशी बोलली की काही चकत्या पिवळ्या होऊ लागल्या, मग लाल. बेल टेबलापर्यंत पोचू लागल्या. नर्सेसची धावपळ झाली. दोघी जणी पाच जणींचं काम कधी करतच नव्हत्या, राहिलेलं काम फक्त दिसत नव्हतं, एवढं सगळ्यांना कळलं. नातेवाईक तक्रारी लिहू लागले. मोटरसायकलवरून पडून आलेल्या एका इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराने तर भर दुपारी खरोखरच उशी भिरकावली आणि "ये आई, मी मरतोय, या की कुणीतरी!" म्हणून वॉर्ड डोक्यावर घेतला. ड्यूटीवरचा पुरुष नर्स, ब्रदर तौफिक, धावत आला. पोरगं पांढरं पडलं होतं. पोटात प्लीहा फाटून रक्त साचत होतं. ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायला अजून थोडा उशीर झाला असता तर तोही समाधानी राहिला असता.

संगणकात त्याची नोंद 'निवारण अयशस्वी' अशी झाली.

दप्तरदारांना आलेख घसरताना दिसत होता, कारण दिसत नव्हतं. खाली वॉर्डात जाऊन दहा मिनिटं उभे राहिले असते तर त्यांच्या कानांवर पडलं असतं. पण वॉर्डात त्यांना वास सहन होत नसे. त्यांनी पुण्याहून 'सकारात्मक स्वर' शिकवणारे एक गृहस्थ बोलावले. त्या गृहस्थांनी सगळ्या नर्सेसना सभागृहात बसवून पोटातून 'ओ' म्हणायला लावलं. तेवढा वेळ वॉर्डांत कुणी नव्हतं. मग उशीतला आवाज थोडा बारीक करून पाहिला, थोडा तरुण करून पाहिला, मागे बासरी घालून पाहिली. बासरीने पेशंट जास्तच बिचकले.

शेवटी दप्तरदारांनी सलोमीला बोलावलं. कुंदाबाईही आल्या.

"सिस्टर, वाईट वाटून घेऊ नका," ते मोठ्या मनाने म्हणाले. "प्रत्येक मालमत्तेला घसारा असतो. मशीनला असतो, गाडीला असतो. तुमच्या आवाजाची व्हॅल्यू आम्ही शून्य धरलीय. सातही ठिकाणची योजना तूर्त थांबवली आहे. आवाज तुम्हाला परत."

"कागदावर द्या," कुंदाबाई म्हणाल्या.

"दिलाय की मेल." ते हसले. "एकेकाळची आमची बेस्ट रिसोर्स! असो. आता नवीन आवाज शोधतोय. ब्रदर तौफिकचा आकडा चांगला आहे. पुरुषी आवाज, वेगळा प्रयोग. त्याच्याशी जरा बोलून घ्याल का?"

"त्याच्याशी बोलणं झालंय," सलोमी म्हणाली.

तौफिक जिन्यातल्या ओव्हरला रोज असायचा. पहिल्या दिवशी पेशंटला काय सांगायचं, ते त्याला पाठ होतं. कुंदाबाईंना हेही माहीत होतं की तौफिकनंतर आणखी कुणी असेल, आणि त्यानंतर आणखी कुणी. त्या मनात हिशेब करू लागल्या, सात रुग्णालयांत माणसाला धीर देणारे आवाज असतील किती, आणि दप्तरदारांना कंटाळा येईपर्यंत त्यांतले किती जाळावे लागतील. मग त्यांनी हिशेब सोडून दिला. दप्तरदारांना कंटाळा येतो असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

सलोमीला आता बायकांच्या वॉर्डात ड्यूटी होती. ती गप्प राहून काम करायची. बोललीच तर हळू, जेवढ्यास तेवढं. त्या महिन्यात तिथे झुलेखाबी म्हणून एक म्हातारी दाखल होती. तिच्या नवऱ्याने जन्मभर सतारी केल्या होत्या आणि त्याने लावलेली प्रत्येक तार ती आधी ऐकून सांगायची, बरोबर की नाही. आता तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. हे तिचं दुसऱ्यांदा दाखल होणं होतं. मागच्या खेपेला ती याच वॉर्डात सलोमीच्या आवाजाच्या उशीवर झोपली होती, आणि सलोमीने तिलाही सगळं बजावून सांगितलं होतं.

तिसऱ्या प्रहरी तिला थिएटरमध्ये न्यायचं होतं. तिचे हात गार पडले होते आणि ओठ हलत होते. चकती लाल होती. सलोमी खाटेशी आली आणि तिने तिचा हात हातात घेतला.

"कोण हाय?" म्हातारीने विचारलं.

सलोमीने हात दाबला.

"हात तर गरम हाय. पण गरम हात बी आता कठड्याला लावनार हाईत म्हनं." म्हातारी तोंड वळवून कान तिच्याकडे करत म्हणाली. "मागच्या बारीला उशीत एक बाई हुती. लई गोड बोलायची. मला तारंतला केसाएवढा फरक कळतो पोरी, पर तिच्यातला न्हाई कळला. मग ती सोताच येऊन सांगून गेली, मी आले तर भिऊन ओरड म्हनून. तवापासनं त्यो आवाज आठवला तरी छातीत धडधडतंय बग."

सलोमीने दुसरा हातही म्हातारीच्या हातावर ठेवला.

"मला भ्या वाटतंय गं," म्हातारी म्हणाली. "खरं मानूस असशील तर बोल की. बोलत का न्हाईस?"

सलोमीने तोंड उघडलं. डोक्यावरची लाल चकती तिच्या पहिल्या शब्दाची वाट बघत होती. या बाईला धीर द्यायला तिच्याकडे एकच आवाज होता, आणि तो तिने स्वतःच खोटा पाडला होता. आता कुठल्या आवाजात सांगायचं, मी इथंच आहे?